मास्क कोणता धुवावा, कोणता धुऊ नये



फवारणीचा हंगाम लागला की गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, मागच्या साली घेतलेला मास्क साबणानं धुऊन ठेवला हाये. यंदा चालते ना?" विचारणाऱ्याला वाटते, वस्तू जपून वापरली, धुऊन-पुसून ठेवली, म्हणजे काम झाले. शेतकऱ्याची ही काटकसर चांगलीच आहे. फाटके पोते शिवून घेणारी, फाळ पाजळून पुन्हा वापरणारी आपण माणसे. पण मास्कच्या बाबतीत "धुतले की झाले" हा हिशोब सरसकट चालत नाही. काही मास्क धुतले तरच कामाचे राहतात. काही मास्क धुतल्यामुळेच निकामी होतात. आणि काहींचा एक भाग धुवायचा असतो, दुसरा टाकून द्यायचा असतो. कोणता मास्क कोणत्या जातीचा, हे आपल्याला ओळखता आले पाहिजे. त्यासाठी हा धडा.

टंचाईच्या काळात काय झाले

मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि देशभर मास्कची टंचाई झाली. १३ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने मास्क आणि सॅनिटायझर यांना जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले. आठवडाभरात तीन पदरी मास्कचा भाव १० रुपयांवर बांधून दिला. भाव बांधला, पण माल कुठे होता? शहरात मिळेना, तेथे मुलचेऱ्यासारख्या जंगलातल्या तालुक्यात कोठून मिळणार! त्याच दिवसांत गडचिरोली-चंद्रपूर भागातून तेलंगणात मिरची तोडायला गेलेले हजारो मजूर तिकडे अडकले. कित्येक जण पायी परत निघाले. त्यांच्या तोंडाला काय होते? मिरचीच्या खाटापासून वाचायला बांधलेला दुपट्टा. आपल्याकडच्या बंगाली वसाहतींत गामछा होता, इतर गावांत शेला होता, बायांचा पदर होता. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यात तर आदिवासी बांधवांनी झाडाच्या पानांचे मास्क टाचून बांधले.

मग बचत गटांच्या बायांनी शिलाई मशीन काढली. राज्यभर गावोगाव सुती मास्क शिवले गेले आणि गरज भागली. पुढे कारखान्यांचा माल बाजारात आला. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने तीन पदरी मास्कची किंमत ४ रुपयांवर आणली. टंचाई सरली.

टंचाई सरली, पण त्या दिवसांतली एक सवय मागे राहिली. हाती लागेल तो मास्क साबणाच्या पाण्यात बुचकळायचा, दोरीवर वाळत घालायचा आणि पुन्हा लावायचा. सुती मास्कला ही सवय बरोबर आहे. पण आज तोच माणूस एन-९५ मास्क साबणाने धुतो, तो लावून औषध फवारायला जातो, आणि आपण सुरक्षित आहोत असे समजतो. ही समजूत जिवावर बेतू शकते.

आधी ओळखा, मास्कवर बसले काय?

मास्क साफ करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. ह्याच्यावर बसले काय आहे? उत्तरे तीनच आहेत : जंतू, धूळ, किंवा विष. तिघांचे स्वभाव वेगळे.

(१) जंतू हा वेळेने मरतो. साबणाने मरतो, उकळत्या पाण्याने मरतो, आणि नुसता कोरड्या जागी पडून राहिला तरी काही दिवसांनी निकामी होतो. कोरोनाचा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडतो, असे मार्च २०२० मध्येच अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले होते.

(२) धूळ मरत नाही. ती मास्कच्या धाग्यांत अडकून बसते. ठेवून दिल्याने कमी होत नाही, झटकल्याने पुरती निघत नाही.

(३) विष मरतही नाही आणि एका जागी थांबतही नाही. ते कापडात मुरते आणि कापडातून कातडीत उतरते. शिवाय औषधाची वाफ कापडाच्या आरपार जाते.

एवढे ध्यानात आले की पुढचा सगळा धडा सोपा आहे.

सुती मास्क : धुणे हाच त्याचा प्राण

तोंडाला कापड बांधून रोग अडवण्याची रीत जुनी आहे. १९१०-११ साली मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची भयंकर साथ आली. तेव्हा डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस आणि जाळीच्या कापडाचे मास्क बांधायला लावले. मेस्नी नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ते मानले नाही. त्यांनी मास्क न लावता रोगी तपासले आणि थोड्याच दिवसांत प्लेगनेच ते दगावले. पुढे पन्नासेक वर्षे दवाखान्यांत सुतीच मास्क असत. धुवायचे, डब्यात भरून वाफेने निर्जंतुक करायचे, पुन्हा वापरायचे. एकदा वापरून फेकायचे मास्क १९६० नंतर रुळले.

म्हणजे सुती मास्क पुन्हा वापरण्यात कमीपणा काही नाही. प्रश्न आहे तो धुण्याचा. व्हिएतनाममध्ये हनोई शहरातल्या १४ रुग्णालयांत १,६०७ कर्मचाऱ्यांवर २०११ साली एक प्रयोग झाला होता. काहींना दवाखान्याचे मास्क दिले, काहींना प्रत्येकी ५ सुती मास्क दिले. त्याचा सर्वांत उपयोगी निष्कर्ष २०२० साली पुन्हा हिशोब मांडला तेव्हा निघाला. ज्यांचे सुती मास्क रुग्णालयाच्या धुलाईखान्यात गरम पाण्याने धुतले जात, त्यांना दवाखान्याच्या मास्कइतकेच संरक्षण मिळाले होते. ज्यांनी ते स्वतः हाताने धुतले, त्यांना संसर्गाचा धोका दुपटीहून जास्त होता. कापड तेच होते. फरक पडला तो धुण्यात.

घरी धुवायची रीत अशी. भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मार्च २०२० अखेर घरगुती मास्कची पुस्तिका काढली, तिच्यात हीच दिली आहे :

(१) मास्क रोज धुवावा. साबण आणि गरम पाणी घ्यावे. धुऊन कडक उन्हात निदान ५ तास वाळवावा.

(२) पावसाळ्यात ऊन नसते. तेव्हा प्रेशर कुकरमध्ये पाण्यात घालून १० मिनिटे उकळावा. पाण्यात मीठ टाकले तर चांगले. कुकर नसेल तर पातेल्यात १५ मिनिटे उकळावा.

(३) तेही जमले नाही तर साबणाने धुऊन त्यावर गरम इस्त्री ५ मिनिटे फिरवावी.

(४) माणशी दोन मास्क असावेत. एक तोंडावर, एक दोरीवर. एकाचा मास्क दुसऱ्याने लावू नये. घरात नवरा-बायको असले तरी नाही, बाप-लेक असले तरी नाही.

ओला मास्क लावू नये. धुऊन धुऊन कापड विरळ होते. महिन्या-पंधरा दिवसांनी मास्क दिव्यासमोर धरून बघावा. उजेड भसकन आरपार दिसला, की त्याचे फडके करावे.

दवाखान्यातला निळा-हिरवा तीन पदरी मास्क हा कागदासारख्या न विणलेल्या कापडाचा असतो. तो धुवायचा नसतो. ओला झाला, मळला, की कापून टाकून द्यावा. न कापता टाकला तर दुसरा कोणी उचलून वापरतो.

एन-९५ : धुतला की मेला

आता एन-९५. त्याच्या नावातले ९५ म्हणजे शंभरातले निदान ९५ कण तो अडवतो. ते कणही केवढे? एका मिलिमीटरचे तीन हजारांवर भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे. इतका बारीक कण चाळणीने अडत नाही. तितकी बारीक चाळणी केली तर माणसाला श्वासच घेता येणार नाही. मग हा मास्क तो अडवतो कसा?

आपण लहानपणी कंगवा डोक्यावर घासून कागदाचे कपटे उचलत होतो. तीच ही विद्या. एन-९५ च्या मधल्या थरातले प्लास्टिकचे अतिबारीक धागे विद्युतभारित केलेले असतात. जवळून जाणारा कण ते ओढून धरतात. मूळचे तैवानचे आणि अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात काम केलेले शास्त्रज्ञ पीटर त्साय यांनी हे तंत्र नावारूपाला आणले. २०२० च्या टंचाईत ते निवृत्तीतून पुन्हा कामाला लागले, ते हाच प्रश्न घेऊन : हा मास्क पुन्हा वापरायचा कसा?

साबणाने हा विद्युतभार जातो. अल्कोहोलनेही जातो. येथे आपल्या कारखानदारीचा संबंध येतो. २०२० साली देशातल्या साखर कारखान्यांनी आणि आसवन्यांनी अल्कोहोलपासून सॅनिटायझर तयार केले. हाताला ते उत्तम. पण तेच सॅनिटायझर लोक एन-९५ वर फवारू लागले. मास्क दिसायला जसाच्या तसा राहतो, फाटत नाही, वास चांगला येतो. आतली कण ओढायची ताकद मात्र गेलेली असते. फाटका मास्क निदान दिसतो तरी. हा बिघाड डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून तो जास्त घातक.

मग टंचाईत काय करावे? धुण्याऐवजी विसावा द्यावा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने साथीच्या काळात दवाखान्यांना सांगितलेली रीत आपल्यालाही जमण्यासारखी आहे :

(१) पाच मास्क घ्यावेत आणि पाच कागदी पिशव्या. पिशव्यांवर १ ते ५ आकडे टाकावेत, शिवाय आपले नाव.

(२) रोज एक मास्क वापरावा. संध्याकाळी दोऱ्यांना धरून काढावा, समोरच्या भागाला हात लावू नये. त्याच्या आकड्याच्या पिशवीत ठेवून पिशवी सावलीत, कोरड्या जागी टांगावी. हात साबणाने धुवावेत.

(३) पाचवा मास्क वापरून झाला की पुन्हा पहिला घ्यावा. म्हणजे एकेका मास्कला मध्ये पुरेसा विसावा मिळतो आणि त्यावरचा विषाणू निकामी होतो.

(४) एक मास्क साधारण पाच वेळांपेक्षा जास्त लावू नये. दोरी सैल झाली, नाकावरची पट्टी तुटली, आत ओल किंवा डाग दिसला, तर आधीच टाकावा.

पिशवी कागदाचीच हवी. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. मास्क उकळू नये, त्यावर इस्त्री फिरवू नये, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवू नये. प्रयोगशाळेत ७० अंशांच्या कोरड्या उष्णतेने मास्क साफ करता येतो हे खरे, पण आपल्या चुलीला ७० आणि १७० अंशांतला फरक कळत नाही. तो नाद करू नये. आणि हेही लक्षात असू द्या, की ही रीत टंचाईपुरतीच आहे. माल मिळू लागल्यावर, जून २०२१ मध्ये, अमेरिकेने एन-९५ साफ करून पुन्हा वापरण्याच्या यंत्रांची तातडीची परवानगी काढून घेतली.

पुढे नळी-झडप असलेला एन-९५ साथीत लावू नये. लावणाऱ्याचा श्वास झडपेतून तसाच बाहेर पडतो, समोरच्याला संरक्षण नाही. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी सर्व राज्यांना तसे पत्रच लिहिले होते.

बगॅस यार्डातली आणि मळणीची धूळ

विसाव्याची ही रीत जंतूसाठी आहे, धुळीसाठी नाही. बगॅस यार्डात काम करणाऱ्या बांधवांनी हे नीट वाचावे. साठवलेल्या बगॅसला बुरशीसारखे सूक्ष्म जीव लागतात. त्याची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बगॅसोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. ताप, खोकला, दम लागणे, अशी त्याची लक्षणे. पुष्कळदा साधा हिवताप-खोकला समजून माणूस अंगावर काढतो. धानाच्या मळणीवेळी बुरशी लागलेल्या पेंढ्याची धूळही याच जातीची.

येथे एन-९५ किंवा आयएस ९४७३ हे भारतीय मानक लिहिलेला मास्क लावावा. तो झटकू नये, कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकू नये. झोत मारला की धागे तुटतात. मग मास्क बदलायचा कधी? मास्क स्वतःच सांगतो. धूळ भरत गेली की श्वास ओढायला जड जातो. जड वाटू लागला, की नवा घ्यावा. नुसते कापड बांधले तर जाड धूळ अडते, पण फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ अडत नाही.

फवारणी : येथे कापडावर भरवसा ठेवू नका

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात पडले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती आणि फवारा तोंडावर, छातीवर येत होता. अंगावर पुरेसे संरक्षण नव्हते. ऊसही खांद्याच्या वर जातो. तेव्हा हा धडा कपाशीवाल्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही.

फवारणीला दुपट्टा बांधला तर काय होते? औषधाचे तुषार कापडावर बसतात, कापड ओले होते आणि ते ओले विष नाका-तोंडाला चिकटून दिवसभर राहते. एन-९५ मास्क तुषार बराच अडवतो, पण वाफ अडवत नाही. आणि साबणाने धुतलेला एन-९५ तुषारही नीट अडवत नाही. म्हणून औषधाच्या डब्यावर सांगितले असेल तेथे डबी बसवायचा रबरी मास्कच घ्यावा. डबीत कोळसा असतो, तो वाफ शोषून घेतो. याची निगा अशी :

(१) काम झाल्यावर आधी डब्या काढाव्यात. डबी कधीही धुऊ नये. पाणी गेले की ती संपली.

(२) रबरी तोंडवळा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावा. उन्हात रबर कडक होते, त्याला भेगा पडतात आणि फटीतून हवा शिरते.

(३) डब्या घट्ट बंद पिशवीत ठेवाव्यात. एन-९५ ला हवेशीर कागदी पिशवी सांगितली, डबीला त्याच्या उलट. उघडी ठेवली तर कोळसा खोलीतल्या हवेतले वास शोषत बसतो आणि वापर न होताच संपतो.

(४) मास्क लावून औषधाचा वास आला, की शेताबाहेर यावे आणि डबी बदलावी. मुदत संपलेली डबी वापरू नये.

(५) दाढी वाढलेली असेल तर मास्क गालाला बसत नाही. फवारणीच्या दिवशी दाढी करावी.

फवारणीत वापरलेले कपडे आणि फडकी घरच्या धुण्यात घालू नयेत. वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, आधी नुसत्या पाण्याने आणि मग साबणाने दोनदा धुवावेत. हे पाणी विहिरीजवळ, नाल्यात किंवा जनावरांच्या टाक्यापाशी ओतू नये. ज्या कापडावर डब्यातले निब्बळ औषधच सांडले, ते धुण्याच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या. आणि मास्क आहे म्हणून उघड्या अंगाने फवारू नका. पुष्कळसे विष कातडीतून आत जाते. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, बूट हवेतच.

चक्कर, मळमळ, तोंडाला लाळ, खूप घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही झाले तर काम तिथेच थांबवा. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा बरोबर न्या. डबा पाहिला की डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.

टंचाईत चांगला मास्क कोणाला?

पुन्हा अशी टंचाई येणार नाही, असे कोणी सांगू शकत नाही. तेव्हा गावात दहा एन-९५ मिळाले तर ते कोणी लावायचे? जो रोग्याच्या किंवा धुळीच्या सगळ्यात जवळ जातो त्याने. आधी आशाताई, नर्सबाई, क्षयरोग्याची घरी सेवा करणारा माणूस, मग बगॅस यार्डातला मजूर. डबीचा मास्क फवारणाऱ्याचा. बाजारात, सभेत, पंगतीत जाणाऱ्यांना स्वच्छ धुतलेला, दोन-तीन पदरी सुती मास्क पुरेसा आहे. सरपंच असो, सोसायटीचा चेअरमन असो, की आमच्यासारखा अधिकारी असो, त्याने सुतीच लावावा. सुती मास्क घरी शिवता येतो, घरी धुता येतो. एन-९५ गावात तयार होत नाही. म्हणून जे तयार होत नाही ते सगळ्यात जपून, योग्य माणसाला.

थोडक्यात, घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ करायला लावा : सुती धुवावा, तीन पदरी टाकावा, एन-९५ ला विसावा द्यावा, रबर धुवावे पण डबी धुऊ नये. हा अंक वाचून झाल्यावर रद्दीत न घालता फवारणीचा पंप ठेवता त्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवावा. काही शंका असल्यास गट ऑफिसला यावे. येताना आपला मास्क बरोबर आणावा. तो कोणत्या जातीचा, ते समक्ष बघून सांगू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते